मुलांनी 'क्लास' नाकारली म्हणता, पण ती दाखवली कुठे होती?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतल्या स्पिन-ऑफ, म्हणजे एका मालिकेतून निघालेल्या दुसऱ्या मालिकांवरच्या लेखात 'क्लास'ला एका ओळीत निकालात काढलंय, तरुणांनी बघितली नाही म्हणून बंद पडली, बास. मला हे पटलं नाही म्हणून लिहितोय.

ही बीबीसीची मालिका 'डॉक्टर हू' या त्यांच्याच जुन्या सायन्स-फिक्शन मालिकेतून निघालेली. लेखक पॅट्रिक नेस, म्हणजे टीनएजर्ससाठी लिहिणाऱ्यांमधलं मोठं नाव, आणि गोष्ट घडते ती शाळा कोल हिल, जी 'डॉक्टर हू'च्या 1963च्या पहिल्याच भागात आहे. पण झालं काय, तर फेब्रुवारी 2016 मध्ये पैसे वाचवायला बीबीसी थ्री हे तरुणांचं चॅनेल टीव्हीवरून काढून फक्त ऑनलाइन केलं आणि ऑक्टोबरमध्ये 'क्लास' तिथे आणून टाकली. चॅनेल बदलता बदलता काहीतरी दिसलं आणि बघत बसलो, असं होणारच नाही, ज्याला आधीपासून माहितीये तोच शोधून बघणार. त्यात त्या वर्षी 'डॉक्टर हू'चा सीझनच नव्हता, फक्त ख्रिसमसचा एक भाग! म्हणजे दर आठवड्याला मूळ मालिका बघणारी जी पोरं होती त्यांना इकडे वळवणार कोण? तेव्हा डॉक्टरचं काम करणारा पीटर कपाल्डी पहिल्या भागात येऊन गेला, तेवढंच. 2006 साली 'टॉर्चवुड' ही दुसरी स्पिन-ऑफ आणली तेव्हा 'टॉर्चवुड' हे नाव आधी मूळ मालिकेत सीझनभर पेरलं होतं, लोक वाट बघत होते.

मग जानेवारी 2017 मध्ये 'क्लास' बीबीसी वनवर आली ती सोमवारी रात्री उशिरा, दोन दोन भाग एकदम. दुसऱ्या दिवशी शाळा असलेलं कुठलं पोरगं तेवढा वेळ जागणार?

वयाचा घोळ मात्र मालिकेचा स्वतःचा आहे, ते मान्य करायला पाहिजे. मुख्य मुलांपैकी तान्या 14 वर्षांची, राम आणि बाकीची थोडी मोठी, सगळं शाळेतलं, आणि पहिल्याच भागात रामच्या डोळ्यांसमोर त्याची मैत्रीण मरते, रक्त अंगावर उडतं, त्याचा पायही जातो. लहानांना दाखवता येत नाही, मोठे म्हणतात शाळेतली मुलं कशाला बघायची. 'डॉक्टर हू'चीच आणखी एक स्पिन-ऑफ 'सारा जेन अॅडव्हेंचर्स' सरळ मुलांसाठी होती, 'टॉर्चवुड' सरळ मोठ्यांसाठी, ही अधेमधे राहिली.

पण म्हणून ती वाईट नव्हती हो! राम सिंग हा शीख मुलगा, फुटबॉल खेळणारा, आणि तो इथे कोणाचा विनोदी मित्र वगैरे नाही, त्याचं दुःख, त्याचं वडिलांशी नातं हे नीट, सावकाश दाखवलंय. आपल्याकडच्या कॉलेजच्या मालिकांमध्ये सुद्धा बाप-मुलगा असे बोलताना मी फार बघितले नाहीत. आणि कॅथरीन केलीने केलेली शिक्षिका मिस क्विल, तिच्यासाठी तरी बघाच.

शेवटी 8 भागांवर सप्टेंबर 2017 मध्ये बंद केल्याचं जाहीर झालं, शेवटच्या भागात वीपिंग एंजल्स, म्हणजे 'डॉक्टर हू'मधले पुतळ्यांसारखे राक्षस, येतात ते तसेच लटकत राहिले. आणि तेच बीबीसी थ्री फेब्रुवारी 2022 मध्ये परत टीव्हीवर आणलं, म्हणजे ऑनलाइन आपोआप तरुण येतील हा हिशोब चुकलाच होता ना.

तेव्हा पुढच्या वेळी अशा मालिकांवर लिहाल तर कुठल्या चॅनेलवर, किती वाजता लागायची हेही लिहा, नुसतं पोरांच्या नावावर खापर फोडू नका.

आपला,
एक वाचक, पुणे