भिंतीवरची माकडांची रांग उतरवा

मा. शिक्षणमंत्री, गोवा सरकार, पणजी यांस,
स. न.

‘माकडापासून माणूस झाला, तर खोतीगावच्या जंगलातली माकडे अजून माकडेच कशी?’ विज्ञानाच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. त्याचे मूळ बहुधा वर्गातल्या तक्त्यावरच्या त्या रांगेत असते: वाकलेला वानर सुरुवातीला, ताठ माणूस शेवटी. खरे तर माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो दोघांपैकी कुणीच नव्हता. माकडांची शाखा त्याच्याही कितीतरी आधी फुटली.

‘शेपटी वापरली नाही म्हणून गळाली’ हेही सर्रास सांगितले जाते. चिंपांझी, गोरिला, गिबन यांनाही शेपटी नाही. म्हणजे ती माणूस घडण्याच्या फार आधी गेली. मेंदू आधी वाढला हाही गैरसमजच. १९७४ साली इथिओपियात जिचा सांगाडा सापडला ती ‘ल्युसी’ ही माणसाच्या कुळातली मादी ३२ लाख वर्षांपूर्वीची. चालायची दोन पायांवर, मेंदू मात्र चिंपांझीएवढाच.

एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांती वगळली. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, पण वाणिज्य-कला शाखेच्या मुलांचे काय? एससीईआरटीने (राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) निदान एका तासाचा पूरक पाठ द्यावा. त्याचा हा नमुना.

साहित्य: सात-सात मीटरच्या दोन दोऱ्या आणि दोरीचाच एक छोटा तुकडा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा हजार वर्षे. दोन्ही दोऱ्या एका टोकाला गाठ मारून बांधायच्या; गाठ म्हणजे समान पूर्वज, मोकळी टोके म्हणजे आजचा माणूस आणि आजचा चिंपांझी. माणसाच्या दोरीवर आजपासून मागे मोजत ३.२ मीटरवर ल्युसी, ३० सेंटिमीटरवर आपली जात. निअँडरथल या नामशेष मानवजातीचा तुकडा त्याच दोरीला अर्ध्या मीटरच्या थोडे मागे बांधायचा आणि आजच्या टोकाला ४ सेंटिमीटर उरले असता कापायचा. तो आपला पूर्वज नव्हे, चुलत घराणे. तरी संकरामुळे आपल्या डीएनएत त्याचा एक-दोन टक्के अंश आहे. मुले घाईत सगळे एकाच दोरीवर ओवतात आणि पुन्हा तीच रांग तयार होते, म्हणून गाठी आधी शिक्षकांनीच माराव्यात. डायनोसॉर नामशेष झाले ते? ६६ मीटरवर. पटांगणात जावे लागेल!

आणखी एक. रिवणजवळच्या उसगाळीमळची कातळशिल्पे ‘आदिमानवाची’ म्हटली की मुलांसमोर अर्धा वानर उभा राहतो. ती कोरणारे शरीराने, बुद्धीने आपल्यासारखेच होते. दोरीवर ती शेवटच्या काही सेंटिमीटरांत येतात. सहलीच्या माहितीपत्रकात एवढी दुरुस्ती पुरातत्त्व खात्याकडून करून घ्यावी.

आपले,
गोव्यातील काही विज्ञान शिक्षक