वर्गणी भरून टाक

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

न्यायाधीशांच्या संघटनेची वर्गणी भरू का, असं तू फोनवर विचारलंस आणि बाबांनी 'न्यायाधीशाला युनियन कशाला?' म्हणून विषयच मिटवला. महसूल खात्यात तक्रारी फेरफारांच्या, म्हणजे जमीन कोणाच्या नावे लावायची या वादांच्या, सुनावण्या मी घेतल्या आहेत, त्यांनी नाही. म्हणून हे पत्र.

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याने अपंगत्वाचा लाभ नाकारला, की त्यावरची सुनावणी घेणारी तू, आणि तुझा पगारही त्याच खात्याचा. त्यात खात्यातर्फे समोर वकील नाही. कागद तूच मागवायचे, उलटसुलट प्रश्न तूच विचारायचे, निकालही तूच लिहायचा. म्हणूनच १९४६ च्या तुमच्या कायद्याने ठरवलं की खात्याने तुमच्यासारख्या न्यायाधीशांचा गोपनीय अहवाल लिहायचा नाही, आणि सबळ कारण त्रयस्थापुढे सिद्ध झाल्याशिवाय काढायचंही नाही.

पण दबाव 'असा निकाल दे' म्हणून येतच नाही गं. आमच्या मासिक बैठकीत साहेब एवढंच विचारायचे, "निर्गती किती?" म्हणजे किती प्रकरणं निकाली काढली. समोर दोन भाऊ, एकाच्या हातात जुना सातबारा, म्हातारी आई रोजनाम्यावर अंगठा उठवायला वाकलेली, तिचं बोलणं अजून संपलेलं नाही, आणि आपलं डोकं मार्चअखेरच्या तक्त्यात.

तू जिच्या वर्गणीचं विचारलंस त्या संघटनेचा, असोसिएशन ऑफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जजेसचा, सगळा इतिहास या तक्त्याशीच भांडण्याचा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खात्याने जास्त अर्ज मंजूर करणाऱ्या न्यायाधीशांचे निकाल वेचून तपासायला घेतले. संघटना कोर्टात गेली. १९८४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश जॉयस हेन्स ग्रीन यांनी या पद्धतीने तणावाचं आणि अन्यायाचं वातावरण तयार झाल्याचं निकालात लिहिलं. मनाई हुकूम मात्र दिला नाही, कारण तोवर खात्याने आपली रीत बदलली होती. २०१३ मध्ये पुन्हा दावा: वर्षाला ५०० ते ७०० प्रकरणं काढा, या अपेक्षेविरुद्ध. संघटनेचं म्हणणं, मंजुरीचा निकाल लिहायला सोपा, नामंजुरीचा किचकट. मग घाईतला माणूस कुठे झुकेल? मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो ऐकलाच नाही. हा नोकरीच्या अटींचा वाद आहे, त्याची वाट वेगळी, म्हणून परत पाठवलं.

बाबा म्हणतील, म्हणजे हरलेच की! हरले खरे. १९५३ मध्ये तुमच्या पदावरच्या आधीच्या पिढीची संघटनाही सुप्रीम कोर्टात हरली होती. पण १९८४ चं बघ. खात्याने रीत बदलली ती दावा कोर्टात उभा असताना. हेच एकट्या न्यायाधीशाने पत्र लिहून मागितलं असतं तर 'यांना काम झेपत नाही' असा शेरा पडला असता. मी असे शेरे पाहिलेत.

शिवाय तुझी नेमणूक २०१८ नंतरची. त्या वर्षी सुप्रीम कोर्टाचा ल्युसिया खटल्याचा निकाल आला, की असे न्यायाधीश खातेप्रमुखासारख्या वरच्या अधिकाऱ्यानेच नेमायला हवेत; पाठोपाठ राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, आणि आधी मध्यवर्ती परीक्षेतून होणारी निवड खात्यांच्या हाती गेली. तुला निवडलं खात्यानेच. तेव्हा खात्याबाहेरचं कुणीतरी पाठीशी हवंच.

वर्गणी न भरताही ते तुझी बाजू मांडतातच, हे मला कळलंय. म्हणून फुकटात राहायचं? आपल्या घरात तशी रीत नाही.

ती दुसरी, नॅशनल असोसिएशन ऑफ द ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ ज्युडिशिअरी, राज्यांच्या न्यायाधीशांनाही घेणारी, ती युनियन नव्हे. प्रशिक्षण, परिषदा असं तिचं काम. तिचं पुढच्या वर्षी बघ, आत्ताच दोन-दोन खर्च नकोत. पहिलीचा प्रतिनिधी तुमच्या ऑफिसात कोण आहे ते सोमवारी विचारून घे. बाबांशी मी बोलते.

तुझी,
आई