नाणे टाका, पाणी घ्या (हिरोच्या काळात तरी)

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अलेक्झांड्रियाच्या हिरोसाठी, म्हणजे त्या प्राचीन ग्रीक गणिती-यंत्रकारासाठी, अर्धे पान दिलेत, आनंद वाटला. फक्त हा गृहस्थ मथळ्यात ‘हिरो’, मजकुरात ‘हेरॉन’ आणि चित्राखाली ‘हिरॉन’ आहे. शिवाय चित्रात तो न्हाणीच्या टबात बसला आहे. टबातले ते आर्किमिडीज. ते गेले इ.स.पूर्व 212 मध्ये, हिरो इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. पावणेतीनशे वर्षांची चूक आम्ही पोटात घालतो.

‘वाफेचे इंजिन हिरोनेच शोधले’ हे वाक्यही सोडून देतो. त्याचे यंत्र एवढेच: खाली पाणी उकळणारी कढई, वर पोकळ गोळा, गोळ्याला दोन वाकड्या नळ्या. नळ्यांतून वाफ सुटली की गोळा गरगरणार, बस्स. भुईचक्राला कुणी पंपसेट म्हणत नाही.

खरा राग खालच्या चौकटीवर आहे. ‘नाणे टाकून वस्तू देणारे पहिले यंत्र लंडनमध्ये, 1880 च्या दशकात.’ अहो, ज्या माणसावर लेख लिहिलात त्याच्याच ‘न्यूमॅटिका’ ग्रंथात असे यंत्र आहे! देवळाच्या दाराशी पाण्याचे भांडे. वरच्या फटीतून पाच द्राख्मांचे नाणे टाकायचे. ते आतल्या तरफेच्या पसरट टोकावर पडते, टोक खाली जाते, दुसऱ्या टोकाची झडप उचलली जाते आणि हात धुण्यापुरते पाणी येते. टोक कलले की नाणे घसरून पेटीत पडते, झडप बंद. वीज नाही, सेन्सर नाही. आता ही कल्पना त्याची की आधीच्या कुणाची, देव जाणे. जुन्यांचे आणि आपले दोन्ही या ग्रंथात एकत्र केले आहे, असे तो स्वतःच सांगतो. एवढा प्रामाणिकपणा चौकट लिहिणाऱ्याकडे असता तर!

हे इतके झोंबण्याचे कारण आमच्या बसस्थानकाबाहेरचे वॉटर एटीएम. तेही पाचाच्याच नाण्यावर चालते, म्हणजे चालायचे. गेल्या मे महिन्यात मी वीस लिटरचा जार तोटीखाली लावून नाणे टाकले. आत ‘टण्’ वाजले, दिवा लागला, पाणी नाही. दुसरे टाकले, तेही गेले. शेजारचा रसवंतीवाला म्हणाला, “गुरुजी, त्याला जाड नाणं लागतं, पातळ नुसतं गिळतं.” मशीनवर लिहिलेला तक्रारीचा फोन मी अकरा वेळा लावला. माझे दहा रुपये अजून आतच आहेत. हिरोच्या यंत्रात नाणे पेटीत पडायचे ते निदान पाणी देऊन.

आणखी एक, गणिताचा मास्तर म्हणून. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे त्याचे सूत्र छापताना वर्गमुळाचे चिन्ह गाळलेत. हिरोने 7, 8, 9 बाजूंचा त्रिकोण घेतला होता. अर्धपरिमिती 12; तिच्यातून एकेक बाजू वजा केली की 5, 4, 3; मग 12 × 5 × 4 × 3 म्हणजे 720, आणि याचे वर्गमूळ हे क्षेत्रफळ. ते पूर्णांकात येत नाही, म्हणून त्याने 27 धरले, 720 ला 27 ने भागले, आलेल्या 26⅔ आणि 27 यांची सरासरी काढली: 26⅚. कॅल्क्युलेटरवर 26.83 येते.

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या आठवीतल्या मुलीने आज सकाळी याच त्रिकोणाचे उत्तर 720 चौरस सेंमी काढले. हा त्रिकोण नऊ आठे बहात्तर चौरस सेंमीच्या आयतात सहज मावतो, हे कागद कापून दाखवले. तरी तिने तुमची पुरवणीच पुढे केली. “पण सर, पेपरात तसंच छापलंय.”

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, जि. सातारा