आत्याची सोय

पंचवटी, नाशिक

प्रिय अव्या,

तुझं पत्र मिळालं. 'आपल्या आत्याला तुम्ही वृद्धाश्रमात ठेवणार?' या प्रश्नामागचा तुझा राग मला कळतो. तुला पाढे तिने शिकवले. तुला ताप आला की तुझ्या आईच्या आधी तीच उशाशी येऊन बसायची. त्यामुळे फोनवर दोन वाक्यांत तुझी समजूत काढायची नाही, सगळं सविस्तर लिहायचं असं ठरवलं.

आधी वाड्याचं सांगतो. जिना तुला आठवतो तसाच आहे, उभा आणि अंधारा. न्हाणीघर चौकाच्या पलीकडे. वाड्याचा दिंडीदरवाजा दिवसभर उघडा, कारण इतर बिऱ्हाडांची ये-जा चालू असते, आणि बाहेर पडलं की पाच मिनिटांत रामकुंड. गेल्या श्रावणात गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पूर चढला होता आणि दिवेलागणीला आत्या अनवाणी घाटाकडे निघाली. 'शाळा सुटली, पोरं नदीवर गेली असतील,' म्हणत होती. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईंनी तिला हाताला धरून परत आणलं. तेव्हापासून तिच्याजवळ चोवीस तास कुणीतरी असतं. दिवसा एक बाई येते, रात्री आम्ही दोघं आळीपाळीने जागतो. ती रात्री उठते, कपाट उपसते, हजेरीचं पुस्तक शोधते. हिच्या गुडघ्यांचं तुला माहीतच आहे, आणि आत्याला उचलून बसवावं लागतं असे दिवस आता येऊ लागलेत. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. २०१५ च्या पर्वणीला आपल्या गल्लीत रिक्षासुद्धा येत नव्हती. तेवढ्या गर्दीत आत्या दिंडीबाहेर पडली तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही.

औषधोपचारात काही राहिलेलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी बी-१२, थायरॉईड, एमआरआय, सगळं आधी करून घेतलं, कारण विसरण्याची काही कारणं बरी होण्यासारखी असतात. आत्याचं तसं निघालं नाही. अल्झायमर आहे. डोनेपेझिल चालू आहे. त्याने काही काळ थोडं बरं चालतं, गेलेलं परत येत नाही.

मग आत्याला ठेवायला जागा बघायला निघालो. अव्या, भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), असावा, असा अंदाज २०२३ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत आहे. म्हणजे शंभरात सातांहून जास्त. पण नाशिकमध्ये वृद्धाश्रमात चौकशी केली की पहिली अट कानावर पडते: माणूस चालता-फिरता हवा, स्वतःचं स्वतः करणारा हवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल एवढा वृद्धाश्रम असावा असं लिहिलंय. पण ज्याला आपण निराधार झालो हेही कळत नाही, त्याला सांभाळणारे हात कुठून आणायचे? नाशिकरोडच्या एका आश्रमातले कार्यकर्ते फार भले होते. त्यांनी सरळ सांगितलं, 'रात्री आमच्याकडे एकच माणूस असतो, तुमच्या आत्या निघून गेल्या तर आम्ही धावणार कसे?' त्यांच्या या खरेपणाबद्दल मला आदरच वाटला.

गंगापूर रोडच्या बाजूला एक जागा सगळ्यांनी सुचवली होती. चकाचक फरशी, लिफ्ट, खोलीत एसी, स्वागताला बसलेली हसरी मुलगी. ही तर बघूनच हरखली. पण मला एक गोष्ट खटकली. सकाळी अकराला या, असा त्यांचा आग्रह. संध्याकाळी येतो म्हटलं तर 'तेव्हा त्यांचा आराम असतो.' आता तूच सांग, आत्याचा खरा त्रास केव्हा? दिवस कलला की. चार-साडेचारपासून ती येरझाऱ्या घालायला लागते, 'घरी जायचंय' म्हणते, दार वाजवते. या आजारात बऱ्याच जणांचं असं होतं, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. म्हणजे जी वेळ निभावण्यासाठी आपण जागा शोधतोय, तीच वेळ ते दाखवायला तयार नव्हते.

तरीही मी एकदा सहाच्या सुमाराला गेलो. हॉलमध्ये टीव्ही चालू होता आणि खुर्च्यांत बसलेली बहुतेक माणसं माना टाकून झोपलेली. एका आजोबांच्या पोटावरून ओढणी नेऊन खुर्चीच्या पाठीला बांधली होती. 'पडू नयेत म्हणून,' सिस्टर म्हणाली. मी विचारलं, एवढे शांत कसे सगळे? 'शांत राहायची गोळी असते ना काका.' कुठली, कुणी लिहून दिली, किती दिवस चालू आहे, याचं उत्तर कुणालाच नीट देता आलं नाही.

हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण तुझ्या सासूबाईंचंही विसरणं वाढलंय असं तू लिहिलंस. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या गोळ्या मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांच्या. डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दिल्या तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा त्यांच्या माहितीपत्रकावर छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच लावलंय. कधी कधी त्या द्याव्या लागतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली तर. पण ते डॉक्टरने ठरवायचं, घरच्यांना विचारून, थोड्या दिवसांसाठी आणि कमीत कमी मात्रेत. सांभाळायला माणसं कमी आहेत म्हणून गोळी देणं हा त्या म्हाताऱ्या जिवावर अन्याय आहे, आणि याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

शेवटी जी जागा आम्ही पसंत केली ती मखमलाबादच्या पुढे आहे. जुना बंगला, मोझॅइकची फरशी, मागे द्राक्षाचा मळा. आत शिरल्या शिरल्या लघवीचा थोडा वास आला, तुझ्यापासून लपवत नाही. हिचा चेहराच उतरला. पण तेवढ्यात एक मावशी ओलं अंथरूण घेऊन बाहेर आल्या, आणि जिथे वास होता ती खोली थोड्या वेळाने पुसून कोरडी झाली. मग आम्ही बसून राहिलो, पाच वाजायची वाट बघत. कुणी उठा म्हटलं नाही.

पाचनंतर एक आजी दाराशी आल्या. 'मला घरी जायचंय, पोरं उपाशी असतील.' ऐकून आमच्या पोटात कालवलं, कारण शब्द जवळजवळ आत्याचेच. काम करणाऱ्या मावशींनी त्यांना अडवलं नाही, 'हेच तुमचं घर' असंही म्हटलं नाही. 'चला, आधी चपला घाला,' म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या. बंगल्याभोवती फिरून पुन्हा त्याच दाराशी येणारी एक पायवाट आहे, कुंपणाच्या आत. दोघी तिच्यावरून चालत राहिल्या. मावशी विचारत होत्या, पोरांना काय आवडतं, भाजी कुठली करायची. परत आल्या तेव्हा आजी मेथी निवडायला बसल्या होत्या. अर्ध्या काड्या भाजीत जात होत्या, पण कुणी हातातून काढून घेतली नाही.

तिथल्या सिस्टरने आम्हाला जेवढे प्रश्न विचारले तेवढे आम्ही त्यांना विचारले नसतील. आत्या कुठल्या कुशीवर झोपते, चहात साखर किती, कशाला घाबरते, कुठल्या हाकेला ओ देते. मी सांगितलं, नावाने नाही, 'बाई' म्हटलं की लगेच वळून बघते. अचानक जास्त गोंधळल्या तर आम्ही आधी लघवीची तपासणी करून घेतो, असं सिस्टर आपणहून म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या संसर्गानेही भ्रम होतो, ताप न येताही. आणि घशाखाली घास नीट उतरतो का, हेही विचारलं. ठसका लागून अन्न छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो, म्हणून भरवताना पाठ सरळ ठेवतात आणि वरण-भात घट्टसर कालवतात. दर महिन्याला वजनाची नोंद असते. ती वही आम्हाला उघडून दाखवली.

आता तुला न आठवणारी एक गोष्ट. आत्याचा जन्म सटाण्याचा, घरात अहिराणी बोलायचे. नाशिकला शिक्षिका झाल्यावर तिने ती पार सोडून दिली होती. आपण कधी तिच्या तोंडून ऐकली नाही. आता मागून शिकलेलं आधी पुसत चाललंय आणि लहानपणची भाषा वर आलीये. रात्री ती मला म्हणते, 'माले घर जानं शे.' आमच्याकडे येणाऱ्या बाईला ते कळत नाही, ती नुसतं हो हो करते, मग आत्या चिडते. बंगल्यावरच्या एक मावशी कळवणच्या आहेत. आम्ही आत्याला तिथे दुपारभर नेलं तेव्हा त्या तिच्याशी अहिराणीत बोलल्या आणि आत्या, अव्या, हसली. मोठ्याने, वर्गात कुणी बरोबर उत्तर दिल्यावर हसायची तशी. ही गाडीत बसल्यावर रडली. आमचा निर्णय मला वाटतं तिथेच झाला.

सगळं चांगलंच आहे असं नाही. लांब आहे, पावसाळ्यात तो रस्ता खराब असतो. रात्रीच्या माणसांची संख्या मला कमी वाटली. मी ते बोललो, मालकीणबाईंनी आणखी एक बाई ठेवायचं कबूल केलंय आणि आम्ही ते करारात लिहून घेतलं. करार मात्र घरी आणून वाचला. अनामत केव्हा परत मिळणार, डायपर आणि औषधांचे वेगळे किती, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर आधी कुणाला फोन, आम्ही न सांगता कधीही भेटायला येऊ शकतो का. या शेवटच्या प्रश्नाला 'हो' हे उत्तर ताबडतोब आलं.

पैशाचं ओझं आत्याच्या पेन्शनमधून बरंचसं निघेल, उरलेलं मी आणि धाकटा बघू. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मात्र लक्षात ठेवावा लागेल. तिची सही आता जुळत नाही, बँकेत अंगठ्याची सोय करून घेतली. तुझ्या सासूबाईंच्या बाबतीत हे आताच बघ. मुखत्यारपत्रावर विसंबू नकोस, माणसाचं भान गेलं की आपल्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र संपतं. त्यांना समजतंय तोवर खाती, नॉमिनेशन, मृत्युपत्र नीट करून घे.

पुढच्या महिन्यात आत्याला नेतोय. पहिला महिना दोन्हीकडून बघायचा, तिला मानवलं नाही तर परत आणायचं, असं ठरलंय. गोधडी, देवघरातला बाळकृष्ण आणि तिचं स्टीलचं फुलपात्र बरोबर जाईल. मी दर रविवारी आणि एखाद्या संध्याकाळी न कळवता जाणार आहे.

तुझ्याकडून एक हवं आहे. तुझ्या आईच्या अल्बममध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो असेल, आत्या लांब शेपटा घालून फळ्याशी उभी आहे तो. तिच्या खोलीच्या दारावर लावायचाय. आताच्या फोटोत ती स्वतःला ओळखत नाही, 'ही म्हातारी कोण' विचारते, पण तरुणपणचे फोटो बघून लगेच 'ही मी' म्हणते. फोटो लॅबमधून मोठा करून घे आणि महिना संपायच्या आत कुरियरने पाठव. आणि दिवाळीत येशील तेव्हा सरळ मखमलाबादला चल माझ्याबरोबर. तुझं नाव तिला आठवेल असं नाही, पण तू जवळ बसून एकोणतिसाचा पाढा सुरू कर आणि मधेच चुकव. ती दुरुस्त करते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिल्या