घर सोडतानाच पात्रता लिहून द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा जवळ आला की पेपरात दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी येते. मी आधी ती वाचते मग बाकीचा पेपर, आता सवयच झालीय. आमच्या खेतवाडीतल्या चाळीला १९९४ ला नोटीस आली होती. टेम्पोत सामान चढवताना आईने गॅलरीतली तुळस समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडे ठेवली, दिवाळीला परत आलो की घेऊन जाईन म्हणून. काकू गेल्या, ती बिल्डिंग पण गेली, टॉवर झाला तिथे. आम्ही अजून ट्रान्झिटमध्येच, म्हणजे घर खाली केलेल्यांना तात्पुरतं ठेवतात त्या म्हाडाच्या कॅम्पात. प्रतीक्षानगर, सायन. नावावरून करायचे ते सगळे विनोद इथे करून झालेत, तुम्ही नका करू.

यादी आली की दरवर्षी कोणीतरी लिहितं, नोटीस येऊनसुद्धा लोक घर खाली का करत नाहीत, जिवाची पर्वा नाही का. असते ना. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी बिल्डिंग सकाळी पडली आणि ३३ माणसं गेली, त्या बिल्डिंगमधली काही कुटुंबं आधीच दुसरीकडे गेली होती आणि काही तिथेच थांबली होती. थांबणारे वेडे नव्हते हो. जुन्या मुंबईत प्रत्येकाच्या नात्यात एक तरी माणूस ट्रान्झिटला गेलेला असतो आणि तो परत आलेला कोणी पाहिलेला नसतो. छत पडेल ही भीती आणि एकदा बाहेर पडलो की जागा गेली ही भीती, यात दुसरी मोठी ठरते.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९६९ च्या आधीच्या या ज्या भाड्याच्या इमारती आहेत त्यांचा उपकर घेतला जातो म्हणून त्यांना सेस बिल्डिंग म्हणतात, आणि त्यांची दुरुस्ती नि पुनर्रचना बघणारं मंडळ म्हाडामध्ये आहे. इमारत पडली किंवा पाडली पण तिथे परत बांधता येत नाही, प्लॉट अगदी चिंचोळा आहे, रस्तारुंदीत गेला, आरक्षण पडलं, तर त्या भाडेकरूंची नावं बृहद्सूचीत जातात. आम्ही सगळे मास्टर लिस्टच म्हणतो. दुसरीकडच्या पुनर्विकासात म्हाडाच्या वाट्याला जी जास्तीची घरं येतात त्यातून मग या लिस्टवाल्यांना घर. निदान तीनशे स्क्वेअर फूट, आमच्यासारख्या एका खोलीत सहा माणसं झोपलेल्यांना ते कमी नाही. २८ डिसेंबर २०२३ ला २६५ जणांसाठी पहिल्यांदाच कॉम्प्युटरने सोडत काढली, त्या दिवशी आमच्या कॅम्पात लोक मोबाईलला डोळे लावून बसले होते, ज्यांचा अर्जसुद्धा नव्हता ते पण. सोडत चांगलीच झाली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण सोडतीत जायला आधी पात्र व्हावं लागतं आणि माझं सगळं म्हणणं त्या पात्र शब्दाबद्दल आहे.

पात्र म्हणजे काय तर तुम्ही त्या खोलीत भाडेकरू होता हे सिद्ध करा. घर खाली केल्याची नोटीस, ट्रान्झिटचं ताबापत्र, त्या काळच्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाइटबिल, मतदारयादीतलं नाव. १९९४ ला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, सगळं तिथेच होतं, मालकाचा मुनीम खाली गाळ्यात बसायचा, डाव्या उजव्या हाताला शेजारी होते, खोली डोळ्यासमोर होती, टेप लावून मोजून घ्या म्हटलं असतं. आता तीस वर्षांनी विचारल्यावर मी कोणाला उभं करू? भाडं महिना ३८ रुपये होतं आणि वडील पावत्या तारेच्या हुकाला लावायचे, तुमच्याकडे पण असेल तशी तार, खाली लाकडी गोल चकती आणि वर हूक. तार काय बघते कुठे टोचतेय ते? चार पावत्यांना नेमकं सालावर भोक आहे. काही पावत्यांवर नाव रघुनाथ आहे, काहींवर रघु, एका वर्षी मुनीम बदलला तेव्हापासून आडनाव पण वेगळं. खोलीचं क्षेत्रफळ तर कुठल्याच पावतीवर नाही, पागडीच्या पावतीवर तेव्हा खोली नंबर आणि भाडं एवढंच असायचं, फूट कोण लिहित होतं. पुढे २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं त्यात पत्र्याच्या डब्यातले कागद भिजले. मी एकेक पावती पंख्याखाली वाळवली, तव्यावर सुद्धा ठेवली मंद गॅसवर. अर्ध्या वाचल्या.

बरं नुसत्या पावत्यांनी भागत नाही. जेवढं थांबाल तेवढी फाईल जाड होत जाते. वडील २००३ ला गेले, म्हणजे मृत्यूचा दाखला आणि वारस. आई २०१४ ला, परत दाखला. थोरला भाऊ कोविडमध्ये गेला, म्हणजे आता वहिनी आणि तिची दोन मुलं पण वारस, बहीण चिपळूणला असते तिचं ना हरकत, नोटरी, फोटो, साक्षीदार. १९९४ ला जिथे एक सही लागली असती तिथे आता सात लागतात. कॅम्पात एक एजंट फिरतो, तो म्हणाला ताई कागद मी तयार करून देतो, पावती पण जुन्या कागदावर करून मिळेल. मी त्याला हाकललं पण खोटं कशाला बोलू, रात्री दोन मिनिटं विचार केला होता.

आता तुम्ही म्हणाल एवढी छाननी घुसखोरांसाठी करावी लागते. मान्य. ट्रान्झिटमध्ये तीन प्रकारची माणसं आहेत, मूळ भाडेकरू, मूळ भाडेकरूकडून कुलमुखत्यारपत्रावर खोली घेतलेले, आणि नुसतेच घुसलेले. वर्षानुवर्ष कोणी परत जात नाही म्हटल्यावर दुसरा आणि तिसरा प्रकार तयार होणारच ना. आणि एक सांगते, ज्याला आम्ही इथे घुसखोर म्हणतो त्यानेच माझ्या आईला रात्री अडीच वाजता खांद्यावर घालून रिक्षापर्यंत नेलं होतं, त्यामुळे त्या शब्दावर मी फार जोर देत नाही.

२०२५ ला ९६ इमारती अतिधोकादायक निघाल्या आणि तेव्हा म्हाडाने ठरवलं की खाली करणाऱ्यांना महिना २०,००० रुपये भाडं द्यायचं. ट्रान्झिटच्या खुराड्यापेक्षा हे कितीतरी बरं, पोरांची शाळा तरी सुटत नाही. पण गिरगावात त्या पैशात वन आरके बघा बरं मिळतोय का, वर डिपॉझिट, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, एजंटला एक महिन्याचं भाडं, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि अकरा महिने झाले की मालक भाडं वाढवतो नाहीतर खाली करा म्हणतो. म्हणजे पत्ता दर वर्षी बदलणार. लाइटबिल दुसऱ्याच्या नावावर, रेशनकार्ड जुन्या पत्त्यावर, आधार तिसऱ्याच ठिकाणचं. आम्ही निदान एका जागी सापडतो तरी. ही माणसं वीस वर्षांनी लिस्टसाठी अर्ज करतील तेव्हा काय दाखवणार?

म्हणून माझी एकच मागणी आहे आणि ती फुकटात होण्यासारखी आहे. घर खाली करून घेतात त्याच दिवशी, इमारत उभी असताना, खोली मोजून, शेजाऱ्यांच्या समोर, एक पात्रतेचा दाखला हातात द्या. त्यावर भाडेकरूचं नाव, खोली नंबर, क्षेत्रफळ, घरातली माणसं आणि त्याच्या मागे कोण ते. पुढे तीच गोष्ट परत सिद्ध करायला सांगायची नाही. भाड्याचे पैसे पण त्याच दाखल्याच्या नंबरावर द्या आणि नवीन घराची चावी मिळेपर्यंत द्या. बँकेत खातं काढताना नॉमिनी पहिल्या दिवशी विचारतात, माणूस मेल्यावर नाही.

ज्यांना यंदा नोटीस आली असेल त्यांनी तोपर्यंत एवढं करा, पावत्यांचे आजच मोबाईलवर फोटो काढून दोन जणांना पाठवा, खोलीचा दारावरच्या नंबरासकट व्हिडिओ करा, मुनीम जिवंत असेल तर त्याच्याकडून नाव एकसारखं करून घ्या. माझी सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. भोकवाल्या चार पावत्या वेगळ्या पाकिटात घातल्यात, त्यांच्या मागच्या पुढच्या महिन्याच्या पावत्या सोबत लावल्यात, म्हणजे मधलं साल कुठलं ते बघणाऱ्याला कळेल.

आपली,
ट्रान्झिट कॅम्पातली एक वाचक
प्रतीक्षानगर, सायन