निशाणी नांगर, निशाणी बांगडी

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय, म्हणजे तुम्हाला ते परत पाठवता येणार नाही. शिवाय आपल्या खापरपणजोबांचा माग काढणाऱ्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तुमच्याकडे आलो तेव्हा हातात आजचा सातबारा होता आणि खापरपणजोबांचं नाव. खापरपणजीचं नाव घरात कुणालाच सांगता येईना. ‘ती लवकरच गेली असणार,’ एवढंच आत्याचं म्हणणं. तुम्ही सातबाऱ्यावर, नावाशेजारच्या वर्तुळातल्या आकड्यावर बोट ठेवलंत. हा फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा नंबर. तो धरून मागचा फेरफार काढायचा, त्यावरून त्याच्या मागचा. मध्ये जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथे बहुतेकांची वाट चुकते. म्हणून जुना-नवा नंबर जुळवणारा उतारा आधी मागून घे, असं बजावलंत.

खापरपणजोबा लगेच सापडले. जमीन पुरुषाच्या नावावर, तेव्हा पुरुष सापडतोच. त्यांच्या मृत्यूची नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात निघाली. सन 1918, ऑक्टोबर महिना, कारण ‘ताप’. त्या पानावर वरपासून खालपर्यंत तापच होता. मी लगेच म्हणालो, इन्फ्लुएन्झाची साथ. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. ‘साथ होती हे खरं. पण वहीत ताप लिहिलाय, तू ताप लिही. साथीचं खाली वेगळं लिही, आणि तो तुझा अंदाज आहे असंही लिही.’ माझ्या वहीत तेव्हापासून प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ आहे. डावीकडे कागद काय म्हणतो ते, उजवीकडे मला काय वाटतं ते. उजवी बाजू फार लवकर भरते, काकू.

मी तिथेच थांबलो असतो. माणूस सापडला, साल सापडलं. ‘आणि बाई?’ हा प्रश्न तुमचा. नवरा जिवंत असेपर्यंत ती महसुलाच्या कागदात दिसणार नाही, तो गेल्यावर दिसेल, तेव्हा वारसाचा फेरफार काढ, म्हणालात. काढला. मुलगे दोन, दोघंही अज्ञान, म्हणजे वयाने लहान, आणि अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचं नाव. कित्येक वर्षांनी घरात तिचं नाव पुन्हा उच्चारलं गेलं ते तुमच्या तोंडून. आत्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

पुढचं सगळं गहाणाच्या दोन जुन्या कागदांवर. घरच्या ट्रंकेत ते कायम होते, पण मोडीतले, म्हणून घरात त्यांना कुणी हात लावत नसे. मी मोडीचा वर्ग केला होता, मुळाक्षरं येत होती. पण पानभर आडवी रेघ आखून तिला लटकवलेला तो मजकूर, शब्द कुठे संपतो याचा पत्ता नाही, वेलांटी आणि उकार ऱ्हस्व की दीर्घ ते तुम्हीच ठरवा. शिकवणीतली मोडी आणि कारकुनाच्या घाईची मोडी यांत विहीर आणि आड एवढाही सारखेपणा नाही. तुम्ही मात्र चहा गार होईतो पहिला कागद वाचून संपवलात.

पहिला शके 1836 चा. शकात 78 मिळवले की इसवी सन, म्हणजे 1914. शकवर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79. खापरपणजोबांनी विहिरीकडचा तुकडा गहाण टाकला. सही येत नव्हती, म्हणून शेवटी निशाणी नांगर. दुसरा कागद नवरा गेल्यानंतरचा, तोच तुकडा सोडवून घेतल्याचा. त्याच्याखाली निशाणी बांगडी. शेतकऱ्याने नांगर काढायचा, बाईने बांगडी, ही जुनी रीत तुम्ही सांगितलीत तेव्हा कळली. त्याआधी मला ते नुसतं वेडंवाकडं वर्तुळ वाटत होतं. दोन लहान मुलं पदरात असताना तिने ते पैसे कसे उभे केले, हे उजव्या बाजूला लिहायचाही मला धीर होत नाही.

माहेर लागत नव्हतं. फेरफारात बाईचं माहेर कशाला असेल? तुम्ही नाशिकला पाठवलंत, आमच्या गावाच्या तीर्थोपाध्यायांकडे. आडनाव आणि गाव सांगितल्यावर त्यांनी वही काढली. अस्थी घेऊन ती आली होती, सोबत धाकटा दीर आणि तिचा भाऊ. भावाच्या नावापुढे त्याचं गाव. आम्ही ज्या रस्त्याने वर्षानुवर्षं जातो, त्याच रस्त्यावरचं.

ती लवकर गेली नव्हती. कुळकायद्यातल्या 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कुळं जमिनीची मालक ठरली. आमच्या घरानेही काही जमीन कुळ म्हणून कसली होती, ती मुलांच्या नावे झाली, तेव्हा खापरपणजी हयात होती. तिच्या मृत्यूची नोंद त्यानंतरची आहे. खबर देणारा थोरला मुलगा.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. वर प्रवासाला म्हणून माझ्याच खिशात नोट कोंबलीत, ती परत द्यायची राहिली आहे.

सोबत सगळ्या कागदांच्या प्रती आणि मी केलेली लिप्यंतरं पाठवतोय. लाल शाई सढळ हाताने वापरा. दुसऱ्या कागदाच्या पाठीवरचा शेरा मला अजून लागलेला नाही. फोटो मोठा करून जोडला आहे. त्यात ‘बैल’ आहे असं मला वाटतं, पण ते उजव्या बाजूला लिहिलंय.

आपला,
एक खापरपणतू