जुन्या कॅसेटी रविवारी घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता गंगापूर रोडला, नेहमीच्या जागी जमायचं आहे.

२००७ साली बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड वाजला, तेव्हा कोणी चित्रण केलं असेल तर मूळ कॅसेटच आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात की आवाजाची पार वाट लागते. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर कृपा करून लावून बघू नका, प्लेअरचं हेडही (टेप वाचणारा भाग) खराब होतं.

गाण्यांतल्या न कळलेल्या ओळींची वहीही हवी. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या १९६७च्या 'पर्पल हेझ' या गाण्यामध्ये 'किस द स्काय' आहे, पण कितीतरी जण ते 'किस धिस गाय' (guy, म्हणजे माणूस) ऐकत आलेत! कानाला आलं तेच लिहा, नेटवरून उतरवू नका. ओळ गाण्यात कुठे येते, ते मिनिट-सेकंद मात्र नक्की टाका.